मेडलवर नाव कुणाचं?

कारगिल विजय दिवस जवळ आला की जुलैत जागोजागी रन होतात, डिसेंबरात १६ तारखेच्या आसपास १९७१ च्या विजयाच्या रन होतात, आणि प्रत्येक रनच्या शेवटी गळ्यात एक जाडजूड मेडल पडतं. त्यावर काय असतं तर बंदूक धरलेल्या जवानाची काळी सावली, मागे डोंगर, वर तिरंगा, खाली स्पॉन्सरचा लोगो, झालंच तर ‘१० किमी फिनिशर’. माझ्याकडेपण आहेत असली. रनबद्दल माझी अजिबात तक्रार नाहीये, पहाटे उठून हजारो लोक पळतात यात वाईट काय आहे. तक्रार त्या धातूच्या चकतीबद्दल आहे. माणसं मेली म्हणून तुम्ही ते मेडल काढलंत ना, मग त्यावर एकाही माणसाचं नाव कसं नाही? सावलीला गाव नसतं, आईबाप नसतात, सावली कुणाचीही असू शकते आणि म्हणून ती कुणाचीच नसते.

‘एवढंसं मेडल, त्यात एवढा काय विचार करायचा’ असं कुणी म्हणेल. पण युद्धानंतर खेळाची पदकं, चषक आणि भिंतीवरच्या पाट्या काढायची ही जी पद्धत आहे ती काल-परवाची नाही, आणि त्यावर काय कोरायचं, काय नाही कोरायचं हे कुणीतरी बसून ठरवलेलं असतं. पहिल्या महायुद्धानंतर हा उद्योग जेवढा झाला तेवढा त्याआधी कधी झाला नसेल. त्यातलं काही फार चांगलं होतं आणि काही बघून आज अंगावर काटा येतो.

पहिलं काटा येणारं सांगतो. नोव्हेंबर १९१८ मध्ये लढाई थांबली. युरोपात लाखो सैनिक रिकामे बसलेले, घरी न्यायला जहाजं पुरत नाहीत, रिकामा सैनिक म्हणजे डोक्याला ताप, म्हणून अमेरिकन लष्कर आणि वायएमसीए ही ख्रिस्ती तरुणांची संघटना यांनी मिळून पॅरिसजवळ व्हॅन्सेनला एक स्टेडियम बांधलं आणि २२ जून ते ६ जुलै १९१९ या काळात दोस्त राष्ट्रांच्या सैनिकांचे खेळ भरवले. अमेरिकन सेनापती जनरल पर्शिंगचं नाव त्या स्टेडियमला दिलं. १८ देशांचे सुमारे दीड हजार खेळाडू आले. खेळ चालू असतानाच, २८ जूनला, तिकडे व्हर्सायला तहावर सह्या झाल्या. आणि या स्पर्धेत धावणं, पोहणं, कुस्ती यांच्या जोडीला एक इव्हेंट होता हातबॉम्ब फेकण्याचा. खरंच होता. जिंकला कोण, तर अमेरिकन सैन्यातला एक पाद्री, फ्रेड थॉमसन नावाचा, त्याने जवळपास ७५ मीटर लांब फेकला. हा पुढे मूकपटांत काउबॉय हिरो झाला. आठ महिन्यांपूर्वी ज्या वस्तूने माणसांच्या चिंधड्या उडत होत्या तिची आता लांबी मोजायची आणि बक्षीस द्यायचं. ते मैदानात बसून बघणाऱ्यांतल्या कितीतरी जणांनी आपले मित्र त्याच वस्तूने गेलेले बघितले असणार. त्यांना काय वाटलं असेल कुणास ठाऊक, कदाचित हसले असतील, सैनिकांचं हसणं वेगळं असतं.

पुढच्या वर्षी अँटवर्पला ऑलिम्पिक झालं. बेल्जियम चार वर्षं जर्मन टाचेखाली होता, अँटवर्प शहर ऑक्टोबर १९१४ मध्येच पडलं होतं, आणि १९१९ च्या एप्रिलमध्ये त्यांना सांगितलं की १९२० चं ऑलिम्पिक तुमच्याकडे. पैसा नाही, सिमेंट नाही, तयारीला दीड वर्षपण नाही. तरी केलं त्यांनी, आणि याचं कौतुक वाटतं. पाच वर्तुळांचा झेंडा ऑलिम्पिकच्या मैदानावर पहिल्यांदा तिथे फडकला, खेळाडूंची शपथ पहिल्यांदा तिथे झाली, ती घेणारा व्हिक्टर बुआँ स्वतः युद्धात वैमानिक होता. उद्घाटनाच्या दिवशी सकाळी कॅथेड्रलमध्ये युद्धात मेलेल्या खेळाडूंसाठी प्रार्थना झाली. जर्मनी, ऑस्ट्रिया, हंगेरी, बल्गेरिया, तुर्कस्तान यांना बोलावलंच नव्हतं. आणि स्टेडियमच्या दारात पुतळा कुणाचा, तर हातबॉम्ब फेकणाऱ्या बेल्जियन सैनिकाचा, थाळीफेक करणाऱ्या ग्रीक पुतळ्यासारख्या ऐटीत.

त्या ऑलिम्पिकचं विजेत्यांचं मेडल जोझुए द्युपाँ नावाच्या शिल्पकाराने केलं. एका बाजूला हातात झावळी घेतलेला उघडा खेळाडू आणि त्याच्या मागे कीर्तीदेवी तुतारी फुंकतीये. दुसऱ्या बाजूला अँटवर्पचा दंतकथेतला वीर ब्राबो. कथा अशी की नदीकाठी एक राक्षस होता, टोल न देणाऱ्या नावाड्यांचे हात तोडायचा, ब्राबोने त्या राक्षसाचाच हात तोडून नदीत भिरकावला. शहराच्या चौकात ब्राबोचा तो पुतळा १८८७ पासून उभा आहे, त्यामुळे शिल्पकार म्हणू शकतो की मी आपला शहराचा पुतळा घेतला. पण १९२० मध्ये, चार वर्षांचा कब्जा संपल्यावर, तो राक्षस कोण हे बघणाऱ्याला सांगावं लागलं नसणार. (आणि ज्या देशाच्या राजाच्या खाजगी वसाहतीत, काँगोत, रबर कमी आणलं म्हणून माणसांचे हात तोडले जात होते, त्याच देशाने तोडलेला हात मेडलवर मिरवावा, ही गोष्ट तेव्हा कुणाला खटकली की नाही देव जाणे.) मेडल म्हणून ते देखणं आहे. पण त्यात ना मेलेले आहेत ना जगलेले, फक्त जिंकलेले आहेत.

आता त्याच ऑलिम्पिकमधला एक माणूस बघा. जोसेफ गिल्मो, फ्रेंच धावपटू, युद्धात विषारी वायूने फुप्फुसं खराब झालेली. त्याने ५००० मीटरमध्ये फिनलंडच्या दिग्गज धावपटूला, पावो नुर्मीला हरवून गोल्ड घेतलं. पावो नुर्मीला! आणि त्याच शर्यतीत १९१२ ला सिल्व्हर घेणारा फ्रान्सचाच जाँ बुआँ, तो सप्टेंबर १९१४ मध्येच, युद्ध सुरू झाल्या-झाल्या मारला गेला होता. म्हणजे एका देशाच्या एका शर्यतीत एक जण मेलेला, दुसरा अर्ध्या फुप्फुसांवर पळणारा. युद्धाबद्दल जे सांगायचं ते या दोन नावांत आहे. फ्रान्सने बुआँच्या नावाने स्टेडियमं केली, पॅरिसमध्ये त्याचं नाव अजून लोकांच्या तोंडी आहे, मॅचला कुठे चाललास तर जाँ बुआँला. हे मला पटतं, कारण तिथे नाव आहे.

नावाचा मुद्दा मी का धरून बसलोय त्याला कारण आहे ब्रिटिशांनी केलेली एक पाटी. पहिल्या महायुद्धात साम्राज्याचा जो-जो सैनिक मेला त्याच्या घरी एक काशाची गोल चकती पाठवली गेली, जवळपास १२ सेंटीमीटर व्यासाची, लोक तिला ‘मेलेल्याचा पैसा’ म्हणायचे. १९१७ मध्ये डिझाइनची स्पर्धा घेतली, ८०० च्या वर डिझाइनं आली, लिव्हरपूलच्या एडवर्ड कार्टर प्रेस्टनचं निवडलं. साडेतेरा लाखांच्या आसपास चकत्या काढल्या. चित्र तेच ठरलेलं, ब्रिटानिया म्हणजे ब्रिटनची देवी, सिंह, डॉल्फिन, खाली दुसरा एक छोटा सिंह गरुडाला फाडतोय, गरुड म्हणजे जर्मनी, लहान पोरालाही कळेल. पण त्या चकतीवर एक चौकट आहे आणि त्या चौकटीत मेलेल्याचं नाव ओतलेलं आहे. फक्त नाव. हुद्दा नाही. जनरल असो की पखालवाला, सारखं. हे मुद्दाम ठरवलं होतं, मरणात वर-खाली नको म्हणून. ब्रिटिश साम्राज्याबद्दल मला काडीचं प्रेम नाही पण ही एक गोष्ट त्यांनी बरोबर केली असं मी म्हणेन. आपल्याकडच्या घरांतही त्या चकत्या आल्या. त्यातल्या किती मोडीत गेल्या, किती पराती-तांब्यांबरोबर वितळल्या याचा हिशोब कुणी ठेवलेला नाही. ज्या उरल्या त्या आता ऑनलाइन लिलावात दिसतात, आणि गंमत म्हणजे नाव असल्यामुळेच तिथेसुद्धा त्या माणसाचा माग काढता येतो, कुठल्या पलटणीचा, कुठे मेला.

आणि लगेच पुढे याच साम्राज्याने उलटं काय केलं तेपण बघा. पदकांच्या बाबतीत धातूतच जात पाळली. ब्रिटिश वॉर मेडल सैनिकांना चांदीचं, पण मजूर तुकड्यांतल्या आणि पलटणीबरोबरच्या बिगरलढाऊ हिंदी माणसांना तेच मेडल काशाचं. स्मारकांचं त्याहून वाईट. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, तुर्कांनी घातलेल्या कूतच्या वेढ्यात अडकलेली फौज होती ती सहावी पुणे डिव्हिजन, त्यात १०३, ११० आणि ११७ नंबरच्या मराठा पलटणी. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ उपाशी राहून लढले आणि शेवटी शरणागती, त्यानंतर कैदेत जे हाल झाले ते वेगळेच. तिकडच्या मोहिमेत मेलेल्यांसाठी बसरा इथे स्मारक बांधलं, ४० हजारांवर माणसांचं. त्यात ब्रिटिश सैनिकांची नावं आहेत, हिंदी अधिकाऱ्यांची नावं आहेत, आणि साध्या हिंदी शिपायांचे फक्त आकडे आहेत. अमुक पलटण, इतके. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने २०२१ मध्ये स्वतःच अहवाल काढून कबूल केलं की किमान १ लाख १६ हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत माणसं अशी आहेत की ज्यांची नावाने आठवण ठेवली गेली नाही किंवा अजिबातच ठेवली गेली नाही, आणि ही बहुतेक पूर्व आफ्रिका आणि इजिप्तमधली. शंभर वर्षांनी माफी मागितली, ठीक आहे.

आपल्या गावांत संगमरवरी पाट्या लावल्या त्यांचंही तसंच. सातारा, रत्नागिरीकडे जुन्या चावडीच्या, देवळाच्या, शाळेच्या भिंतीवर कुठे-कुठे अजून दिसतात. या गावातून इतके लोक १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात गेले, त्यांतल्या इतक्यांनी प्राण दिले. बस. इतके आणि इतके. अपशिंगे मिलिटरी हे सातारा जिल्ह्यातलं गाव आज सगळ्यांना माहीत आहे कारण तिथून पहिल्या महायुद्धात ४६ जण गेले ते परत आले नाहीत असं सांगतात, ४६ हा आकडा बातम्यांत येतो, भाषणांत येतो, पण ते ४६ कोण हे गावाबाहेर कुणाला विचारा. आकडा लक्षात ठेवणं सोपं असतं. सरकारला तर फारच सोपं असतं.

म्हणून मला आपल्या आजच्या मेडलवरची ती काळी सावली बघून बसराचं स्मारक आठवतं. तेव्हा परक्या सरकारने आपल्या माणसांना आकडा केलं, आता आपणच आपल्या माणसांना चित्र करतोय. कारगिलमध्ये गेले ते ५२७, हा अधिकृत आकडा सगळ्यांना पाठ आहे. त्यातली पाच नावं सांगा म्हटलं तर बहुतेक लोक परमवीर चक्रवाल्यांपाशी आणि सिनेमा निघाला त्यांच्यापाशी थांबतात. दिल्लीत २०१९ ला राष्ट्रीय युद्ध स्मारक झालं तिथे २५ हजारांवर नावं ग्रॅनाइटवर कोरली आहेत, एकेका विटेसारख्या पाटीवर एकेक नाव, ते काम उत्तम झालंय. मग जे दिल्लीत जमलं ते आपल्या मैदानात का जमू नये?

जागा पुरत नाही, हा पहिला आक्षेप येतो. चार इंची मेडलवर ५२७ नावं कशी बसवायची? अहो, बसवूच नका ना. एका मेडलवर एक नाव. हजारो लोक पळतात, ५२७ नावं वाटून टाका, कुणाच्या वाट्याला कोण येईल ते बिब नंबरसारखं ठरू दे. नाव, गाव, पलटण, तारीख, संपलं. मागची बाजू तशीही कोरी असते किंवा तिथे स्पॉन्सरचा क्यूआर कोड असतो. पहिल्या महायुद्धाचं मेडल फक्त ३६ मिलिमीटरचं होतं आणि त्याच्या कडेवर, म्हणजे नाण्याला जशी धार असते तिथे, सैनिकाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण एवढं सगळं ठोकलेलं असायचं, हिंदी शिपायांचंसुद्धा. शंभर वर्षांपूर्वी साध्या ठशांनी हे लाखो मेडलांवर केलं. आणि आता तर मोठ्या मॅरेथॉनला मैदानातच स्टॉल असतो, तुम्ही पळून आलात की दोनेकशे रुपयांत लेसरने तुमचं नाव आणि टायमिंग मेडलवर कोरून देतात, लोक रांग लावतात तिथे. म्हणजे माझं २ तास २० मिनिटांचं हाफ मॅरेथॉन कोरायला मशीन आहे, वेळ आहे, रांग आहे, फक्त ज्याच्या नावाने पळालो त्याचं नाव कोरायला जागा नाही!

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. घरच्यांना विचारलं का? कुणाच्या मुलाचं नाव घामट गळ्यात लटकणार, उद्या कुठल्या खणात पडणार, कुठल्या भंगारात जाणार, त्यांना ते आवडेल का? हा प्रश्न मला पटतो आणि म्हणूनच माझं म्हणणं आहे की न विचारता एकही नाव टाकायचं नाही. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे, वीरपत्नी, वीरमाता-पित्यांशी त्यांचा संपर्क असतो, आयोजकांनी पत्र द्यावं, परवानगी घ्यावी, नाही म्हणाले तर नाही. याला वेळ लागेल, त्रास होईल, दोन महिने आधी काम सुरू करावं लागेल. लागू दे. त्रास न घेता केलेल्या स्मारकाची लायकी टी-शर्टवरच्या छापाइतकीच असते. शिवाय विचारायला गेलात की घरचे बोलतात, तो कबड्डी खेळायचा, तो शाळेत लांब उडीत पहिला यायचा, हे कळतं. मग त्या नावाने पळण्याला काहीतरी अर्थ येतो.

तिसरं म्हणणं मला सगळ्यात जास्त विचारात पाडतं, की मुळात खेळ आणि युद्ध एकत्र आणूच नका. १ जुलै १९१६ ला फ्रान्समध्ये सोम नदीजवळच्या लढाईत ईस्ट सरे रेजिमेंटच्या कॅप्टन नेव्हिलने आपल्या तुकड्यांना फुटबॉल दिले होते, खंदकातून बाहेर पडायचं, बॉल जर्मनांच्या दिशेने मारायचा आणि मागे पळत सुटायचं. पोरांची भीती जावी म्हणून केलं असं म्हणतात. नेव्हिल त्याच हल्ल्यात मेला. त्या एका दिवसात ब्रिटिश फौजेचे १९ हजारांवर लोक मेले. मायदेशी मात्र फुटबॉलची गोष्ट शौर्यकथा म्हणून गाजली, कारण युद्ध म्हणजे जरा कडक मॅच असं एकदा डोक्यात बसलं की पोरं रांगेत उभी राहतात. आपल्याकडेही भारत-पाक मॅचच्या दिवशी टीव्हीवर जे शब्द वापरतात ते ऐकलेत ना? त्यामुळे हा आक्षेप घेणाऱ्यांशी माझं अर्धं भांडण नाहीच. पण रन बंद होणार नाहीयेत, चषक बंद होणार नाहीयेत, लोकांना एकत्र येऊन आठवण काढायला काहीतरी शरीराचं लागतं, नुसती भाषणं पुरत नाहीत. मग ते करायचंच असेल तर त्याला खेळासारखं हलकं होऊ न देणारी एकच गोष्ट मला दिसते, आणि ती म्हणजे एका खऱ्या माणसाचं नाव. ‘विजय’ असं लिहिलेलं मेडल घालून सेल्फी काढता येतो. २२ वर्षांच्या पोराचं नाव आणि तारीख लिहिलेलं मेडल घालून दात काढायला जरा जड जातं.

चषकांबद्दल एक गोष्ट सांगायलाच पाहिजे. १९१९ मध्येच इंग्लंडात हेन्लीला शांततेची म्हणून नौकांची शर्यत झाली, दोस्त देशांच्या लष्करी आठ-वल्ह्यांच्या संघांसाठी राजा पाचव्या जॉर्जने चषक ठेवला, आणि तो ऑस्ट्रेलियाच्या सैनिकांनी जिंकला. चषक ऑस्ट्रेलियात गेला आणि भांडण लागलं. युद्ध संग्रहालयवाले म्हणाले ही युद्धाची वस्तू, आमच्याकडे काचेत ठेवा. वल्ही मारणारे म्हणाले छे, यासाठी दरवर्षी शर्यत व्हायला पाहिजे. प्रकरण थेट राजापर्यंत गेलं आणि राजाने सांगितलं, शर्यत लावा. तेव्हापासून ऑस्ट्रेलियातल्या राज्यांचे संघ किंग्ज कपसाठी वल्हवतात. मला हा निर्णय फार आवडतो. काचेतल्या वस्तूसमोर माणूस अर्धा मिनिट थांबतो, पण ज्या चषकासाठी वर्षभर सराव करायचा त्याचा इतिहास पोरांना आपोआप कळतो.

आपल्याकडे गावोगाव जवानाच्या नावाने कबड्डी, कुस्ती, क्रिकेटच्या स्पर्धा होतात, त्या कल्पनेत काहीच खोट नाही, उलट किंग्ज कपसारखंच आहे ते. पण फ्लेक्स बघितलाय का कधी? अमुक शहीद जवान स्मृती चषक, त्यात जवानाचा पासपोर्ट साइझ फोटो एका कोपऱ्यात आणि बाकी सगळीकडे हात जोडलेले, हसणारे, गॉगल लावलेले भावी नगरसेवक. ट्रॉफी बाजारातून आणलेली सोनेरी प्लास्टिकची, तिच्यावर स्टिकर, आणि स्टिकरवर मोठ्या अक्षरात ‘सौजन्य’. सौजन्य कुणाचं तर ज्याने ११ हजार दिले त्याचं. ज्याने जीव दिला त्याचं नाव दुसऱ्या ओळीत. त्यापेक्षा लाकडाची एक साधी ढाल करा, फिरती ठेवा, तिच्यावर वर जवानाचं नाव आणि खाली दरवर्षीच्या विजेत्या संघाचं नाव पितळी पट्टीवर वाढत जाऊ दे. वीस वर्षांनी तीच ढाल गावाचा इतिहास होईल. खर्चही कमी आहे, पण फ्लेक्सवाल्याचा आणि भावी नगरसेवकाचा तोटा आहे, त्यामुळे होत नाही.

एवढं बोललोय तर अँटवर्पमधल्या आपल्या माणसांबद्दलही बोलू. हो, आपली माणसं होती तिथे. १९१९ मध्ये पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या क्रीडा स्पर्धा झाल्या, सर दोराबजी टाटा अध्यक्ष होते, त्यांनी शेतकरी पोरांना अनवाणी पळताना बघितलं आणि त्यांच्या लक्षात आलं की ही पोरं युरोपातल्या टायमिंगच्या फार मागे नाहीत. मुंबईचे गव्हर्नर लॉइड यांच्या मदतीने आणि पदरचे पैसे घालून त्यांनी १९२० च्या ऑलिम्पिकला सहा जणांचा संघ पाठवला. बेळगावकडचे फडेप्पा चौगुले, दातार, कैकाडी, बंगालचे बॅनर्जी, आणि नवले व शिंदे हे दोन पैलवान. चौगुल्यांनी मॅरेथॉन २ तास ५० मिनिटांत पळून १९ वा नंबर काढला, आणि ती मॅरेथॉन नेहमीपेक्षा लांब, पावणेत्रेचाळीस किलोमीटरची होती. शिंदे कुस्तीत चौथे आले. चौथे! खाशाबा जाधवांचं ब्राँझ १९५२ चं, त्याच्या ३२ वर्षं आधी एक मराठी पैलवान ऑलिम्पिक पदकाच्या एक कुस्ती अलीकडे थांबला होता. महायुद्ध संपून दोन वर्षंही झाली नव्हती, ज्या साम्राज्यासाठी याच भागातली पोरं बसरा आणि फ्रान्समध्ये मेली त्याच साम्राज्याच्या झेंड्याखाली हे खेळले. त्या ऑलिम्पिकमध्ये सहभागाचं म्हणून वेगळं स्मृतिपदकही काढलं होतं. पुणे, कोल्हापूर, बेळगावच्या शाळांमधल्या किती पोरांना ही सहा नावं ठाऊक असतील? मैदानांना आपण कुणाकुणाची नावं देतो, एखाद्या धावण्याच्या ट्रॅकला चौगुल्यांचं, एखाद्या तालमीला शिंद्यांचं नाव द्यायला कुणाची हरकत असणार?

आणि या सहा जणांची परदेशी नोंदींत नावं कशी आहेत माहितीये? दातारांचं सदाशिव दिसतंय ते ‘सदाशिर’ झालंय, शिंदे ‘शिंदेस’ झालेत, बॅनर्जींचं पूर्णा की पूर्मा कळत नाही, कैकाडींचं तर बऱ्याच याद्यांत आडनाव आणि एखादं अद्याक्षर एवढंच. अँटवर्पमध्ये कुणीतरी कारकुनाने घाईत लिहिलं, नंतरच्या शंभर वर्षांत सगळ्यांनी तेच उतरवून घेतलं. तेव्हा कुठल्या आयोजकाने माझं ऐकून यंदा मेडलवर नावं टाकायची ठरवलीच, तर साचा बनवणाऱ्याला फाइल पाठवायच्या आधी ती यादी घरच्यांना दाखवा, मराठीत लिहून दाखवा, ऱ्हस्व-दीर्घ त्यांच्याकडूनच तपासून घ्या, आणि ते म्हणतील तेच कोरा.